लॉगचे कोष्टक आणि जॉन नेपियर

मॅट्रिकला गणित घेतलेल्या भगिनींना लॉगचे कोष्टक आठवत असेलच. ०.०५ चे घनमूळ काढा, असे उदाहरण आले की पोटात गोळा येई. कोष्टकात ६९९० सापडे. पण त्याच्या आधी डोक्यावर आडवी रेघ असलेला दोन, म्हणजे उणे दोन. त्याला तिनाने नीट भाग जाईना. मग उणे दोनाचे उणे तीन करायचे आणि त्याची भरपाई म्हणून एक पुढे द्यायचा. १.६९९० ला तिनाने भागले की ०.५६६३, आणि उणे तिनाचे उणे एक. उलट कोष्टक पाहिले की उत्तर ०.३६८४! रेघ द्यायला विसरले की गुण गेलेच.

ही वाट ज्यांनी प्रथम पाडली ते जॉन नेपियर १५५० साली स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या मर्चिस्टन गढीत जन्मले. वडील तेव्हा अवघे सोळा वर्षांचे! जॉन तेराव्या वर्षी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गेले आणि त्याच वर्षी आई वारली. पदवी काही त्यांनी घेतली नाही. १५७२ साली एलिझाबेथ स्टर्लिंग यांच्याशी लग्न झाले. दोन मुले मागे ठेवून त्या १५७९ साली निवर्तल्या. दुसऱ्या पत्नी अ‍ॅग्नेस चिझम यांना दहा मुले झाली. बारा मुलांच्या घरात या गृहस्थांना वीस वर्षे आकडेमोड करता आली, त्याचे श्रेय मी तरी अ‍ॅग्नेसबाईंना देते.

गावात मात्र त्यांना जादूगार समजत. चोर नोकर पकडण्यासाठी त्यांनी काळ्या कोंबड्याला काजळी फासली आणि अंधारात प्रत्येकाला त्यावर हात फिरवायला सांगितले. ज्याचा हात स्वच्छ तो चोर, अशी एक कथा सांगतात.

त्या काळी ज्योतिर्विदांचे आयुष्य मोठमोठ्या गुणाकार-भागाकारांतच झिजे. नेपियर यांनी प्रत्येक संख्येला अशी एक जोडसंख्या दिली की गुणाकाराची बेरीज व्हावी आणि घनमूळासाठी नुसते तिनाने भागावे. १६१४ साली त्यांचे लॅटिन पुस्तक निघाले, त्यात कोष्टकांचीच नव्वद पाने. दशांश चिन्हाचा टिंब रूढ होण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

ते पुस्तक वाचून लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज इतके भारावले की १६१५ साली लांबचा प्रवास करून भेटीला आले. दहा हा पाया धरला तर कोष्टक फार सोपे होईल, यावर दोघांचे एकमत झाले. पण नेपियर यांची प्रकृती खालावली होती; पुन्हा सारे आकडे मांडण्याचे बळ उरले नव्हते. ते काम ब्रिग्ज यांनी अंगावर घेतले. पुढे शाळाशाळांतून चालले ते हेच दहाच्या पायाचे कोष्टक. ब्रिग्ज १६१६ साली पुन्हा येऊन गेले. तिसरी भेट ठरली होती, पण ४ एप्रिल १६१७ रोजी नेपियर वारले.

१६१९ साली केप्लर यांनी आपल्या ग्रहपंचांगाचे अर्पणपत्र मोठ्या आदराने नेपियर यांच्या नावे लिहिले. ते हयात नाहीत हे केप्लर यांना ठाऊकच नव्हते.