ज्ञानकोशकार डॉ. केतकर आणि जातीची व्याख्या

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा परिपाठ आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्याच ज्ञातीतील असते, आणि ते स्वाभाविकही आहे. यंदा ज्यांचे चरित्र देत आहोत ते कै. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आपल्या ज्ञातीतले नव्हते, आणि बीड जिल्ह्याचेही नव्हते. परंतु जात म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्यांनी समाजशास्त्राच्या रीतीने प्रथम हाती घेतला त्या भारतीयांत त्यांची गणना होते. ज्या मंडळाच्या नावातच ज्ञाती आहे, त्याच्या सभासदांना हे चरित्र परके वाटू नये.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस आणि पुढील शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०६ साली ते अमेरिकेस गेले व इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी समुद्र ओलांडणे हेच अनेक घरांत प्रायश्चित्ताचे कारण होते. तेथे जाऊन या तरुणाने यंत्रविद्या वा कायदा न शिकता आपल्याच देशातील जातिसंस्था अभ्यासाला घेतली. १९०९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९११ साली त्याचा दुसरा भाग लंडनमध्ये निघाला आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ साली. त्यापूर्वी दहा वर्षे हा ग्रंथ छापून झाला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या काळी जातीविषयी लिहिणारे बहुतेक युरोपीय होते. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख रिस्ले यांनी माणसांची नाके मोजून जातींचे मूळ वंशात आहे असे ठरविले होते. नेसफील्ड यांना ते धंद्यात दिसले. केतकरांनी वंशाचा सिद्धांत मानला नाही. आर्य कोण व द्रविड कोण हा वाद परदेशी पंडितांनी आणला. आपले लोक शतकानुशतके एकमेकांस उच्चनीच मानीत आले, पण नाकाची लांबी पाहून नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मग जातीची खूण कोणती? त्यांनी दोन खुणा सांगितल्या. पहिली अशी की, त्या समूहाचे सभासदत्व सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांनाच मिळते. दुसरी अशी की, समूहाबाहेर विवाह करण्यास सभासदांस सक्त मनाई असते. शिवाय एकेकटी जात घेऊन तिचा विचार करता येत नाही, अनेक जातींच्या रचनेतच तिला अर्थ प्राप्त होतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून आपल्या मंडळाच्या वधूवर परिचय सूचीकडे पाहावे. समूहाच्या आत विवाह करण्याच्या नियमास समाजशास्त्रात अंतर्विवाह म्हणतात, आणि समूहातील ठराविक गटाबाहेर विवाह करण्याच्या नियमास बहिर्विवाह. सूचीत जातीचा रकाना असतो तो अंतर्विवाहासाठी. कोणाकडे गोत्र, कोणाकडे देवक, कोणाकडे नुसते कुळ विचारतात ते बहिर्विवाहासाठी. आपण ज्याला रीत म्हणतो ती या दोन कुंपणांमधली वाट आहे. पोटजातीच्या रकान्यावरून मंडळाच्या बैठकीत दरवर्षी होणारी खडाजंगी जुन्या सभासदांना ठाऊकच आहे. तो वाद कुंपण कोठे घालावे याचा असतो. कुंपण असावे की नसावे, हा प्रश्न तेथे निघत नाही.

केतकरांच्या या व्याख्येचा पुढील प्रवास मोठा उद्बोधक आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याने हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. त्यांचेही वय तेव्हा पंचवीसच होते. त्यांनी आधीच्या विद्वानांच्या व्याख्या तपासल्या आणि केतकरांच्या व्याख्येस त्यांत विशेष मान दिला. पण त्याबरोबर एक दुरुस्तीही केली. केतकरांच्या दोन खुणा दोन नाहीत. बाहेर विवाहच होणार नसेल तर बाहेरचा मनुष्य सभासद होणार कसा? म्हणजे दोन्ही खुणा एकाच नाण्याच्या बाजू, आणि ते नाणे म्हणजे अंतर्विवाह.

यापुढे डॉ. बाबासाहेबांनी जो विचार मांडला तो आपल्या भागातील प्रत्येक घरास लागू पडणारा आहे. विवाहाचे दार बाहेरून बंद करायचे तर आत विवाहयोग्य स्त्रियांची व पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की त्या हिशेबात एक स्त्री जास्त होते. तिने जातीबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते; जातीत केले तर एखाद्या कुमारिकेचा वर जातो. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र संन्यास कोणी लावीत नाही. त्याच्यासाठी अजून वयात न आलेली मुलगी शोधायची, म्हणून बालविवाह. या चाली वरच्या वर्गाने धरल्या आणि खालच्यांनी प्रतिष्ठेसाठी त्यांचे अनुकरण केले. आपल्याकडे ज्या समाजांत विधवेचा पाट लागत असे, त्यांतील काही घराण्यांनी कुलीनपणा मिरविण्यासाठी पाट बंद केला, ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी ऐकलेली असेल. ज्या घरी पाट लागत नाही ते घर मोठे, असे मानले गेले, आणि त्या मोठेपणाची किंमत घरातल्या एखाद्या आत्याने अथवा चुलतीने जन्मभर दिली.

बालविवाहाच्या बाबतीत बीड जिल्ह्याचे नाव आजही राज्यात वरच्या क्रमांकांत घेतले जाते, हे लिहिताना संकोच वाटतो. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे राहिलेल्या मुलीची काळजी, हुंड्याचा भार, जोडीने मिळणारी उचल ही कारणे खरीच आहेत. परंतु मुलगी मोठी होऊन भलत्या जातीत मन गुंतवील, ही भीती त्या कारणांच्या तळाशी असते, आणि ती ऊसतोड करणाऱ्यांच्या घरात असते तशी नोकरदारांच्या घरातही असते.

केतकरांचे सर्वच म्हणणे मान्य होण्याजोगे आहे असे नाही. त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग मनुस्मृतीवर उभा आहे. तिच्यावरून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजाचे चित्र काढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. धर्मशास्त्र काय सांगते यावरून लोक कसे वागत होते हे पुरतेपणी कळत नाही. तेवढ्यापुरता त्यांचा पाया अपुरा वाटतो. पण प्रश्न नीट मांडला की अर्धे काम होते, आणि ते त्यांनी केले.

अमेरिकेहून परत येताना लंडनमध्ये त्यांची ओळख ईडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी झाली. १९२० साली उभयतांचा विवाह झाला. विवाहापूर्वी व्रात्यस्तोम विधी करून वधूस हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्या शीलवती केतकर झाल्या. जातीबाहेर विवाह नाही हे जातीचे लक्षण ज्याने पंचविशीत लिहून ठेवले, त्याने छत्तिसाव्या वर्षी ते स्वतःच्या घरापुरते मोडले. आणि मोडतानाही जुन्या शास्त्रातील विधीच हाताशी धरला. शीलवतीबाई स्वतः व्यासंगी होत्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर त्यांनी केले.

महाराष्ट्रास केतकर ठाऊक आहेत ते ज्ञानकोशामुळे. त्याची योजना त्यांनी नागपुरात हाती घेतली व पुढे पुण्यास काम नेले. राजाश्रय नाही, मोठा देणगीदार नाही. मर्यादित भांडवलाची कंपनी काढून, गावोगाव वर्गणीदार मिळवून त्यांनी हे काम रेटले. १९२८ पर्यंत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे झाले. पहिल्या पाच प्रस्तावनाखंडांत वेदकालापासून विज्ञानाच्या इतिहासापर्यंत मजल मारलेली आहे. महाराष्ट्र शब्दकोशाचे संपादक य. रा. दाते व चिं. ग. कर्वे याच कामात तयार झाले.

त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. भाषा ओबडधोबड, रचना सैल, अशी टीका तेव्हाही झाली व ती निराधार नव्हती. पण १९३० साली आलेली ब्राह्मणकन्या आजही वाचावी. बाप ब्राह्मण, परंतु आजोळ समाजमान्य नाही, अशा कालिंदीला कोणती जात आपली म्हणणार, हा तिचा विषय आहे. प्रबंधात जे व्याख्येच्या दोन वाक्यांत बसते, ते एका मुलीच्या आयुष्यात कसे उतरते हे तीत दिसते.

१९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांकडे होते. बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. शिक्षणाचा व कारभाराचा मान उर्दूकडे होता. मराठी शाळेसाठी झगडावे लागण्याच्या त्या दिवसांत संस्थानाच्या राजधानीत हे संमेलन भरले, ही गोष्ट मराठवाड्याच्या दृष्टीने लहान नव्हती. पुढे १९३५ साली त्यांचा प्राचीन महाराष्ट्र हा ग्रंथ आला. त्यात सातवाहनांचा, म्हणजे गोदावरीच्या पलीकडच्या आपल्या शेजारच्या पैठणचा, इतिहास आहे.

ज्ञानकोश पुरा झाला तरी संसाराची ओढाताण संपली नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. शीलवतीबाई त्यानंतरही महाराष्ट्रातच राहिल्या आणि १९६९ साली त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी मराठीत प्रसिद्ध केल्या.