योहान फ्रीडरिश डीफेनबाख

योहान फ्रीडरिश डीफेनबाख (१ फेब्रुवारी १७९२ – ११ नोव्हेंबर १८४७) हे जर्मन शल्यचिकित्सक होते. नाक, ओठ व पापण्या यांच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसाठी ते प्रसिद्ध आहेत. गालाच्या त्वचेपासून खालची पापणी तयार करण्याची त्यांची पद्धत नेत्रशल्यचिकित्सेच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

जीवन

डीफेनबाख यांचा जन्म पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग (आताचे रशियातील कालिनिनग्राद) येथे झाला. त्यांनी प्रथम रोस्टॉक व ग्राइफ्सवाल्ड येथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसैनिक म्हणून लढले आणि युद्धानंतर वैद्यकाकडे वळले. १८२२ मध्ये व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. ऊतींचे पुनर्जनन व प्रतिरोपण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे ते बर्लिन येथे स्थायिक झाले. १८२९ पासून ते शारिटे रुग्णालयात काम करू लागले आणि १८४० मध्ये कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे यांच्या निधनानंतर विद्यापीठाच्या शल्यचिकित्सालयाचे प्रमुख झाले.

पार्श्वभूमी

युरोपातील पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या पुनरुज्जीवनाचा एक धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका पारंपरिक कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक करून दिले होते. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचा वृत्तांत छापून आला. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्पू यांनी इंग्लंडमध्ये अशा शस्त्रक्रिया केल्या व १८१६ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. जर्मनीत ग्रेफे यांनी हे ज्ञान पुढे नेले. डीफेनबाख यांचे कार्य याच परंपरेत येते.

खालच्या पापणीची पुनर्रचना

खालची पापणी कर्करोग, भाजणे किंवा जखमेमुळे नष्ट झाल्यास प्रश्न केवळ चेहऱ्याच्या विद्रूपतेचा राहत नाही. डोळा पूर्ण मिटत नाही, अश्रू गालावर ओघळतात, पारपटल कोरडे पडून त्यावर व्रण होतात आणि अखेरीस दृष्टी जाऊ शकते.

डीफेनबाख रोगग्रस्त भाग त्रिकोणाच्या आकारात काढत. या त्रिकोणाचा पाया पापणीच्या कडेला व टोक गालाकडे असे. त्यानंतर त्रिकोणाच्या बाहेरच्या बाजूची गालाची चौकोनी त्वचा खालच्या बाजूने जोडलेली ठेवून मोकळी केली जाई आणि ती नाकाच्या दिशेने सरकवून रिकाम्या जागी शिवली जाई. त्वचा मुळाशी जोडलेली राहिल्याने तिचा रक्तपुरवठा टिकून राही. शिवाय शेजारचीच त्वचा असल्याने तिचा रंग व पोत जुळत असे. मात्र केवळ त्वचेची पापणी पुरेशी नसते. आतले ओलसर अस्तर व आधार देणारी कूर्चा नसेल, तर जखम आकसताना नवी पापणी बाहेरच्या बाजूस उलटण्याचा धोका असतो.

इतर कार्य

२६ ऑक्टोबर १८३९ रोजी डीफेनबाख यांनी एका सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा स्नायू कापून तिरळेपणावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. ही कल्पना लुई श्ट्रोमायर यांनी आधी मांडली होती. या यशानंतर त्यांनी स्नायू कापण्याचे हेच तत्त्व तोतरेपणालाही लागू केले व १८४१ मध्ये जिभेवर शस्त्रक्रिया केल्या. इतर शल्यचिकित्सकांनीही त्यांचे अनुकरण केले. परंतु या शस्त्रक्रिया रुग्णांसाठी घातक ठरू शकत होत्या व त्यांचा टिकाऊ लाभ होत नव्हता. त्यामुळे त्या लवकरच सोडून देण्यात आल्या.

डीफेनबाख यांच्या बहुतेक शस्त्रक्रिया भूल न देता, शुद्धीवर असलेल्या रुग्णांवर झाल्या. ईथरचा वापर सुरू झाल्यावर त्यांनी १८४७ मध्ये त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बर्लिन येथे आपल्या चिकित्सालयातच त्यांचा आकस्मिक मृत्यू झाला.

वारसा

शल्यक्रियांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८४५ ते १८४८ या काळात प्रसिद्ध झाला. पापणीच्या अस्तराची उणीव पुढील शल्यचिकित्सकांनी भरून काढली. १९३७ मध्ये वेंडेल ह्यूज यांनी वरच्या पापणीतील कूर्चा व अस्तर खाली आणून खालची पापणी बांधण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकात जॉन मुस्टार्डे यांनी गालाची त्वचा फिरवून आणण्याची पद्धत विकसित केली व आतल्या बाजूस कूर्चा आणि श्लेष्मल अस्तराचा आधार दिला. शेजारच्या जिवंत त्वचेने पापणी भरून काढण्याचे तत्त्व आजही वापरले जाते.