कष्टाची शिष्यवृत्ती : कर्मवीर भाऊराव पाटील

विद्यार्थी हुशार आहे, शिकण्याची जिद्दही आहे; परंतु घरी पैसा नाही. अशा विद्यार्थ्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात भाऊराव पायगोंडा पाटील यांनी आपले आयुष्य वेचले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी झाला. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. अस्पृश्यता त्यांना लहानपणापासूनच मान्य नव्हती. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. चरितार्थासाठी त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या, पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. या निमित्ताने गावोगाव हिंडताना शेतकऱ्यांचे दारिद्र्य आणि अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. या दोहोंचे मूळ शिक्षणाच्या अभावात आहे, अशी त्यांची खात्री झाली.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. पैशांची चणचण तर नित्याचीच होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. अखेर मुलांच्या अन्नासाठी त्यांनी आपले मंगळसूत्रही दिले. सौभाग्याचे लेणे उतरविताना त्या माउलीच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९३० साली त्या निवर्तल्या. भाऊरावांनी दुःख गिळून काम चालूच ठेवले.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. महाविद्यालयाची फी, राहणे आणि जेवण यांचा खर्च गरीब मुलांना पेलणारा नव्हता. त्यांच्यासाठी भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' ही योजना राबविली. विद्यार्थ्याने रोज काही तास शेतात राबावे, खडी फोडावी, बांधकामावर काम करावे आणि त्या मोबदल्यात शिक्षण घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. शिकलेल्या माणसाने हातात कुदळ धरणे कमीपणाचे मानले जाई. भाऊराव मात्र श्रमाला प्रतिष्ठा देत. फुकट मिळालेल्या मदतीने मान खाली जाते. घाम गाळून घेतलेले शिक्षण माणसाला ताठ मानेने उभे करते, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या छायेत वाढलेल्या पी. जी. पाटील यांनी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टरची पदवी मिळविली आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

जनतेने भाऊरावांना 'कर्मवीर' ही पदवी प्रेमाने बहाल केली. १९५९ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मभूषण' दिले. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी. लिट. देऊन गौरविले. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि नव्या खोडांचा आधार होतात. 'कमवा आणि शिका' योजना आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत चालते. सकाळी काम करून दुपारी वर्गात बसणारा प्रत्येक विद्यार्थी ही त्या वटवृक्षाचीच एक पारंबी आहे.