कमला सोहोनी : अटींवर मिळालेला प्रवेश
ज्येष्ठ जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचा जन्म इंदूरचा. मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. मात्र, केवळ स्त्री असल्याने संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला.

कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. काम समाधानकारक ठरले तरच त्याला मान्यता. दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर त्यांनी चिकाटीने संशोधन केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे स्त्रियांसाठी उघडली.

१९३६ मध्ये एम.एस्सी. व १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.