डोक्यातून पहार आरपार गेली तरी तो जगला. फिनिअस गेजची केस मानसशास्त्राला काय शिकवून गेली?

तारीख 13 सप्टेंबर 1848. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावून खडक फोडणं सुरू होतं. 25 वर्षांचा मुकादम फिनिअस गेज खडकातल्या भोकात पहारीने दारू ठासत होता. ठिणगी उडाली, स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे 6 किलोची ती पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटी फोडून वर निघाली.

गेज मेला नाही. काही मिनिटांतच तो बोलायला लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. डॉ. जॉन हार्लो यांनी उपचार केले. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, जीव मात्र वाचला.

स्वभावच बदलला?

आधी कामसू आणि शांत असलेला गेज अपघातानंतर चिडखोर, शिवराळ आणि धरसोड करणारा झाला, असं हार्लो यांनी 1868 मध्ये लिहिलं. मेंदूच्या पुढच्या भागाचा स्वभावाशी संबंध असतो, या विचाराला त्यातून बळ मिळालं. असा प्रयोग कोणावर मुद्दाम करता येत नाही. म्हणून एकाच माणसाचा खोलवर अभ्यास, म्हणजेच केस स्टडी, इथे कामी येतो.

मग गडबड कुठे झाली?

गोष्ट सांगता सांगता वाढत गेली. अनेक पुस्तकांनी गेजला दारुडा आणि बिनकामाचा ठरवलं. प्रत्यक्षात तो घोड्यांच्या तबेल्यात नोकरीला होता. 1852 मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे अनेक वर्षं प्रवासी घोडागाडी हाकली. रोज वेळ पाळणं, घोडे सांभाळणं, प्रवाशांशी बोलणं हे बिघडलेल्या माणसाला जमलं असतं का? हा प्रश्न उचलला तो मानसशास्त्राचे इतिहासकार माल्कम मॅकमिलन यांनी. जुनी कागदपत्रं तपासून त्यांनी 2000 मध्ये पुस्तक लिहिलं. गेजला प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी लिहिलेला मजकूर फारच थोडा असल्याचं त्यातून समोर आलं. काळानुसार तो बराच सावरला असावा, असंही मॅकमिलन यांचं मत आहे.

झटके येऊ लागल्यानंतर 21 मे 1860 रोजी सॅन फ्रान्सिस्को भागात आईजवळ असताना गेजचा मृत्यू झाला. वय 36. त्याचा मेंदू कोणी तपासलाच नाही. कवटी आणि पहार आज हार्वर्डच्या संग्रहात आहेत.

एक केस नवा प्रश्न उभा करू शकते. पण तेवढ्यावरून सगळ्यांसाठी नियम काढला, तर चूक होते. आणि त्या चुकीत एका खऱ्या माणसाचं आयुष्यही चुकीचं सांगितलं जातं.