आधी शिकायचं, मग शिकवायचं

आमच्या महिला मंडळात मी योगासनांचा वर्ग सुरू केला, तेव्हा माझं शिक्षण म्हणजे टीव्हीवरचा सकाळचा कार्यक्रम आणि बाजारातून आणलेलं एक पुस्तक, एवढंच! बायका हौसेनं यायच्या. एके दिवशी सगळ्यांना सर्वांगासन करायला लावलं. त्यातल्या एका काकूंना ब्लडप्रेशर होतं, आणि मी विचारलंच नव्हतं. पाय खाली येताच त्यांना गरगरायला लागलं, दरदरून घाम फुटला. थोड्या वेळानं काकू सावरल्या, पण मी काही सावरले नाही. दुसऱ्याच दिवशी वर्ग बंद केला आणि योगशिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला रीतसर नाव घातलं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा वही-पेन हातात आलं. तिथेच मला स्वामी कुवलयानंद भेटले, अर्थात त्यांच्या चरित्रातून.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतल्या डभोई गावी, एका गरीब मराठी कुटुंबात. शिक्षणासाठी खूप झगडावं लागलं. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांनी भारावून त्यांनी देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहायचं ठरवलं.

मला त्यांचं विशेष वाटतं ते शिकण्याच्या चिकाटीचं. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं ते बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत घाम गाळत होते. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवू लागले, तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्यही झाले. अशा मानाच्या जागी असताना ते नर्मदाकाठी मालसर इथं परमहंस माधवदासजींपुढे शिष्य म्हणून बसले. वय पस्तिशीच्या पुढे! पण आपण प्रोफेसर आहोत, आता काय शिकायचं, असं त्यांच्या मनात आलं नाही.

गुरूंवर पूर्ण श्रद्धा असली, तरी शरीरात नेमकं काय घडतं हे पाहिल्याशिवाय ते थांबले नाहीत. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या हॉस्पिटलात त्यांनी आपल्याच काही विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावून एक्स-रे काढले. नौली म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया. ती करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्या पोकळीला नाव दिलं ते आपल्या गुरूंचं. श्रद्धा आणि तपासणी एकाच घरात सुखानं नांदू शकतात, हे मला इथं कळलं.

१९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. आपल्याला लोणावळा म्हटलं की चिक्की आठवते. पण योगाच्या शास्त्रीय संशोधनाची पायाभरणी तिथे झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. १९२७ मध्ये गांधीजींची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनीही स्वामीजींशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता. शाळांमधल्या मुलांना एकत्र करता यावा असा ‘यौगिक संघ व्यायाम’ स्वामीजींनी बसवला. पण मुलांना शिकवायचं तर आधी शिक्षक तयार व्हायला हवेत, हे ते जाणून होते. म्हणून शिक्षकांचं प्रशिक्षण त्यांनी हाती घेतलं. स्वातंत्र्यानंतर, १९५०-५१ च्या सुमारास, लोणावळ्यातच योगाचं कॉलेज उभं राहिलं. योगशिक्षकानं ग्रंथ वाचावेत, शरीराची रचना समजून घ्यावी आणि स्वतः रोज साधना करावी, ही रीत तिथे रुजली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले, पण कैवल्यधामचं काम आजही चालू आहे.

शरीररचनेचे धडे पाठ करताना माझी झोप उडायची. गॅसवर कुकर आणि ओट्यावर वही! सासूबाई म्हणायच्या, या वयात कसली गं परीक्षा? पण पास झाले आणि वर्ग पुन्हा सुरू केला. आता पहिल्या दिवशी आसन नाही, फक्त वही. प्रत्येकीला विचारते: ब्लडप्रेशर आहे का, ऑपरेशन झालंय का, कंबर-मान दुखते का, दिवस गेलेत का. मग कोणी काय करायचं आणि काय नाही, ते ठरतं.

त्या काकू परत येतील असं वाटलं नव्हतं. पण आल्या, डॉक्टरांना विचारून. आता पहिल्या रांगेत असतात. सर्वांगासनाच्या वेळी त्या शवासनात पडून राहतात, आणि मी आधी त्यांच्याकडे बघते.

तुमच्या गावातही वर्ग असेलच. जरूर जा. पण सतरंजी अंथरण्याआधी ताईंना विचारा, तुम्ही कुठे शिकलात? खरी शिकलेली असेल, तिला राग येणार नाही.