चौदा आण्यांचा हिशेब

बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना आठवते. मला मात्र प्रथम आठवतात ते मुंबई विधिमंडळातले बाबासाहेब. १९१९च्या सुधारणांनी शिक्षण खाते प्रांताच्या मंत्र्यांकडे आले होते. मार्च १९२७मध्ये पस्तीस वर्षांच्या या नियुक्त सभासदाने सरकारकडे हिशेब मागितला. शिक्षणावर माणशी खर्च १४ आणे, अबकारीची वसुली मात्र माणशी २ रुपयांहून अधिक! शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीत पोचत होती अवघी १८. त्याच महिन्यात, २० तारखेला, ते महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव याच विधिमंडळाने १९२३मध्ये संमत केला होता. पाणी मात्र मिळत नव्हते. म्हणून वाटते, शाळेविषयी, पाण्याविषयी आपला आमदार सभागृहात काय विचारतो, हे आपणही त्याला विचारावे.